थेंबाची वाट

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. तरीही आज बोलायचे आहे ते दुधातल्या थेंबांविषयी.

दुधात भरपूर पाणी घालून त्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की स्निग्धांशाचे असंख्य चिमुकले थेंब दिसतात. त्यातले लहान थेंब सतत थरथरत असतात. पाण्याचे रेणू त्यांना चहूबाजूंनी धडका देत असतात. क्षणात डावीकडून जरा जास्त, क्षणात उजवीकडून. रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२७ साली परागकणांतल्या सूक्ष्म कणांची अशीच हालचाल पाहिली. म्हणून तिला 'ब्राऊनीय गती' म्हणतात.

ही थरथर संगणकाच्या पडद्यावरही उभी करता येते. एक ठिपका घ्यायचा. संगणकाने जणू नाणे उडवायचे आणि कौल येईल त्या दिशेला ठिपका एक पाऊल सरकवायचा. पुन्हा नाणे, पुन्हा पाऊल. असे हजार ठिपके एकाच जागेवरून सोडले तर प्रत्येकाची वाट निराळी. कुणी दूर निघून जातो, कुणी फिरून फिरून तिथल्या तिथेच घोटाळतो. पण सगळ्यांचा मिळून पसारा मात्र नियमाने वाढतो. वेळ चौपट झाला की पसारा दुप्पट.

हे गणित आइनस्टाइनने १९०५ साली मांडले. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात. एक मायक्रॉन जाडीचा कण पाण्यात सेकंदाला सरासरी ०.८ मायक्रॉन सरकेल आणि मिनिटात सुमारे ६, असा त्याचा हिशेब होता. वेळ साठपट, अंतर जेमतेम आठपट! पुढे जाँ पेरँ यांनी प्रयोगाने तो पडताळला आणि रेणू खरेच असतात याविषयीची शंका मिटली. १९२६ साली पेरँ यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

यात एक गंमत आहे. संगणकाचे नाणे बहुधा खरे नसते. एका सूत्रातून तो आकडे काढत जातो. सुरुवातीचा आकडा, म्हणजे 'बीज', तेच दिले तर ठिपका पावलागणिक तीच वाट पुन्हा चालतो. दुधातल्या थेंबाकडून तीच वाट अशी पुन्हा चालवून घेता येत नाही.

हजार थेंबांचा पसारा विचारा, गणित चोख उत्तर देईल. समोरचा हा एक थेंब मिनिटाभराने नेमका कुठे असेल, हे मात्र ते सांगत नाही. फार तर शक्यता सांगते. मला या विज्ञानातला हा प्रामाणिकपणा फार आवडतो. कारण माणसांच्या बाबतीत आपण तो पाळत नाही. भाड्याचे घर शोधताना मी नाव सांगितले आणि समोरच्याचा हिशेब तिथेच पूर्ण झाला, असे मी अनुभवले आहे. आज कर्ज कुणाला द्यावे याचे अंदाजही संगणक बांधतात.

समुदायाची सरासरी जरूर काढावी. पण ती कुणा एकाच्या कपाळावर चिकटवू नये. त्याची वाट त्याला चालू द्यावी.