लोणारचे विवर मेजावर मांडताना



स्नेहसंमेलनाच्या प्रमुख पाहुण्याने उपदेश करावा आणि श्रोत्यांनी पुढील नाटकाकडे डोळे लावून तो सोसावा, असा आपल्याकडील जुना शिरस्ता आहे. तो मोडण्याची मुभा अध्यक्षांनी मला आज द्यावी, कारण ज्या विद्येत माझे मन रमते त्या नकाशांच्या विद्येविषयी, आणि तेही आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातील लोणारला धरून, चार शब्द बोलण्याचे मी योजिले आहे.

लोणारचे विवर आपणांपैकी बहुतेकांनी काठावर उभे राहून पाहिले असेल. उल्कापाताने बेसाल्ट खडकात झालेले, सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि सुमारे १५० मीटर खोल असे हे स्थळ कागदी नकाशात समोच्चरेषांच्या काही वर्तुळांत मावते खरे, परंतु त्या वर्तुळांवरून खोली मनश्चक्षूंपुढे उभी करणे हे सरावलेल्या माणसालाच साधते. मिक्स्ड रिॲलिटीचा चष्मा डोळ्यांवर चढविला, किंवा साधा मोबाइल समोर धरला, की समोरचे खरे मेज जागच्या जागी राहून त्यावर ते विवर उभे राहते आणि त्याच्याभोवती फिरून, वाकून ते न्याहाळता येते. हजारास एक या प्रमाणाने मांडले तर ते १.८ मीटर रुंद व १५ सेंटीमीटर खोल होईल, आणि भोवतालच्या सपाटीपासून वीसेक मीटर उचललेला त्याचा काठ अवघा दोन सेंटीमीटर भरेल. एवढ्याने प्रेक्षक थक्क होत नाही म्हणून उंची तिप्पट फुगविण्याचा मोह प्रत्येकास होतो. ती फुगवावी, पण तसे नकाशाच्या माथ्यावर स्पष्ट लिहावे, नाहीतर त्या नकाशाला नकाशा म्हणण्याचा आपला अधिकार संपला.

उंचीची माहिती कोठून आणावयाची? फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अवकाशयानाने रडारने भूपृष्ठ मोजले, त्याचे तीस-तीस मीटरच्या चौकोनांचे आकडे आज विनामूल्य मिळतात. मात्र या हिशेबाने आपले विवर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत साठेक चौकोनांचेच होते, आणि विवरातील कमळजा देवीचे मंदिर एखाद्या चौकोनात विरून जाते. शिवाय रडारला सरोवराचा तळ दिसत नाही, पाण्याचा पृष्ठभाग दिसतो; झाडीतही तो जमिनीपर्यंत पुरता पोहोचत नाही.

तथापि ही सर्व अडचण मी दुय्यम मानतो. खरे कसब लागते ते अनेकांना एकच नकाशा एकाच जागी दाखविण्यासाठी. चार विद्यार्थी मेजाभोवती बसले आणि एकाने ‘ही पाहा गोमुखाची धार’ म्हणून त्या झऱ्यावर बोट ठेवले, तर उरलेल्या तिघांनाही ते बोट धारेवरच टेकलेले दिसले पाहिजे. परंतु प्रत्येक यंत्र सुरू होताच आपल्यापुरता एक आरंभबिंदू ठरवून त्यापासून सारे दालन मोजू लागते, आणि मग बांधावरून भांडणाऱ्या भाऊबंदांप्रमाणे चौघांची मोजणी आपापल्या जागी बिनचूक असूनही एकमेकांशी जुळत नाही. यावर उपाय असा, की मेजावर एक छापील खूण ठेवावी, ती सर्वांच्या कॅमेऱ्यांनी पाहावी आणि पुढची मोजणी तिच्यापासूनच करावी. त्या खुणेची दिशा ओळखण्यात एक अंशाची चूक झाली, तर मीटरभर अंतरावर पावणेदोन सेंटीमीटरचा, म्हणजे आपल्या प्रमाणात सतरा-अठरा मीटर भूमीचा, फरक पडतो. धार बाजूला राहते आणि बोट झुडपात जाते.

विल्यम लॅम्बटन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा साखळीने मोजून जे त्रिकोणमितीय सर्वेक्षण आरंभिले, त्याचे मर्म हेच होते: एका टेकडीवरून दुसरी पाहावी, दुसरीवरून तिसरी, आणि सर्वांचा हिशेब त्या एकाच रेषेशी बांधलेला असावा. वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे हा गृहस्थ जानेवारी १८२३ मध्ये काम चालू असतानाच निवर्तला. आणि योगायोग पाहा, त्याच वर्षी सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने लोणारच्या विवराची नोंद केली.

आरंभबिंदू एक झाला की प्रश्न येतो ताब्याचा. भूभागाचा जड मजकूर प्रत्येक यंत्रात आधीच उतरवून ठेवावा. यंत्रायंत्रांत जावेत ते नकाशा किती वळला, किती मोठा झाला, कोणाचे बोट कोठे आहे, एवढेच लहान निरोप. पण दोघांनी एकाच वेळी नकाशा पकडून दोन दिशांना फिरविला तर? म्हणून एका क्षणी ताबा एकाकडेच असावा, दुसऱ्याने मागितल्यास रीतसर हस्तांतर व्हावे, आणि ताबेदाराचा संपर्क तुटला तर ठरावीक मुदतीनंतर तो आपोआप सुटावा, नाहीतर सारी सभा खोळंबते. उशिरा येणाऱ्याच्या हाती तोवरची कैफियत आल्याबरोबर पडावी. हे नियम लिहिताना महसुली कारभाराची दफ्तरे चाळलेल्या माणसाला, मला वाटते, अभियंत्यापेक्षा फार कमी नवल वाटेल.

एक व्यावहारिक सूचना करतो. २०१६ मध्ये आलेल्या होलोलेन्स चष्म्याच्या दुसऱ्या पिढीचे उत्पादनही २०२४ मध्ये थांबले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सामाईक खुणा सांभाळणारी, तो चष्मा बनविणाऱ्या कंपनीचीच सेवाही बंद झाली. तेव्हा एकाच कंपनीच्या दारी आपले काम गहाण न ठेवता ओपनएक्सआरसारखे खुले मानक धरावे, आणि पहिली आवृत्ती तर घरोघरी असलेल्या मोबाइलवरच करावी.

भूमीच्या आकारावर नावांचा आणि काळाचा पदर चढविण्याचे काम मात्र कोणतेही अवकाशयान करणार नाही. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीवांत दाखविले. तो रंग त्या तारखेसह नकाशात असावा. विवराचे वय एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे निघते, दुसरीने सुमारे ५ लाख ७० हजार. दोन्ही आकडे पद्धतीच्या नावासह शेजारी शेजारी ठेवावेत, मिटवामिटव करू नये. आणि दैत्यसूदन मंदिरापासून विवराच्या काठापर्यंतच्या वाटा, ओढे, विहिरी यांची गावात प्रचलित असलेली नावे वडीलधाऱ्यांकडून विचारून, कोणी सांगितली हे नमूद करून, भूगोल विभागाच्या विद्यार्थ्यांनी येत्या उन्हाळी सुट्टीत टिपून आणावीत. संगणक विभागाने तोवर ताब्याचे नियम लिहून काढावेत. दोन्ही विभागप्रमुख समोरच बसलेले आहेत, आणि त्यांनी मघाशी माना डोलावल्याचे मी पाहिले आहे.