बांगड्या भरलेले हात
(आनंदनगर येथे मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या समारंभात दूरचित्रवाणीवरील एखाद्या नायिकेविषयी दोन शब्द बोलावेत, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. रोज संध्याकाळी आपल्या घरी येऊन रडून जाणाऱ्या एखाद्या सोशिक सुनेविषयी मी बोलेन, असाच बहुतेकींचा तर्क असेल. परंतु तिचे दुःख आपणां सर्वांना तोंडपाठ आहे. म्हणून मी आज मुलांच्या आवडीची एक नायिका आपल्यापुढे आणणार आहे. ती चित्रकथेतून पडद्यावर आली. तिच्या अंगी अचाट शक्ती आहे. आणि ऐकून नवल वाटेल, पण ती शक्ती तिच्या हातातील बांगडीमुळे जागी होते.

"हातात बांगड्या भरल्या आहेत का?" हा प्रश्न आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. भिणारा, कच खाणारा, अन्याय निमूट सोसणारा पुरुष दिसला, की त्याला बांगड्या भरायला सांगतात. पुरुषांनी असे म्हणावे यात नवल नाही; पण बायकांचे मोर्चेसुद्धा सुस्त अधिकाऱ्याला बांगड्यांचा आहेर करतात! आपला अलंकार आपणच शिवीसारखा भिरकवावा, याला काय म्हणावे? आणि गंमत अशी, की हीच आपली भाषा जुन्या पत्रांच्या मायन्यात घरच्या बाईला "वज्रचुडेमंडित" म्हणत असे. वज्र म्हणजे इंद्राचे शस्त्र. मग चुड्यातले वज्र गेले कुठे?

हा प्रश्न आपल्यापुरता नाही, हे अमेरिकेतील चित्रकथांवरून दिसते. तेथे १९४१ साली विल्यम मार्स्टन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने "वंडर वूमन" ही नायिका निर्माण केली. तिच्या मनगटातील कड्यांवर बंदुकीच्या गोळ्या आपटून परत फिरतात. मूळ कथेत मात्र ही कडी तिच्या जमातीतील स्त्रिया एकेकाळी भोगलेल्या बंदिवासाची आठवण म्हणून घालतात. आणि एखाद्या पुरुषाने ती साखळीने जोडली, की तिचे बळ नाहीसे होते. बेडीही तीच आणि ढालही तीच! १९७५ ते १९७९ या काळात लिंडा कार्टर या अभिनेत्रीने ही नायिका दूरचित्रवाणीवर घरोघर पोहोचवली.

त्यानंतर १९९५ साली "विचब्लेड" ही चित्रकथा निघाली. न्यूयॉर्क पोलिसांतील सारा पेझिनी हिच्या हाती एक मंतरलेले आयुध येते. एरवी ते साध्या कड्यासारखे दिसते. संकट आले, की त्याचे हातमोज्यासारखे चिलखत होते. ते पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांच्याच हाती जात आले, अशी कल्पना सुरेख आहे. पण चित्रकाराने नायिकेच्या अंगावर कपडा असा जेमतेमच ठेवला होता. २००१ आणि २००२ साली तिची मालिका झाली, तेव्हा यान्सी बटलर या अभिनेत्रीला खरोखरीचे चिलखत मिळाले. कागदावरून पडद्यावर येताना बाईची अब्रू वाढली, असे क्वचितच घडते. म्हणून त्याची नोंद केली पाहिजे.

आता आजच्या नायिकेकडे वळते. तिचे नाव कमला खान. अमेरिकेतील जर्सी सिटीमध्ये राहणाऱ्या, कराचीहून तेथे गेलेल्या कुटुंबातील ही शाळकरी मुलगी. "मिस मार्व्हल" नावाची तिची चित्रकथा २०१४ साली सुरू झाली. जी. विलो विल्सन या लेखिकेने ती लिहिली आणि सना अमानत या संपादिकेचा तिच्या घडणीत मोठा वाटा होता. चित्रकथेत कमलाचे हातपाय हवे तेवढे लांब आणि मोठे होतात. ८ जून २०२२ पासून डिस्ने प्लसवर तिची सहा भागांची मालिका आली, तेव्हा ही युक्ती बदलण्यात आली. आता शक्ती जागी करण्याचे काम आजीने पाठवलेल्या सामानातील एका जुन्या बांगडीकडे आले. काही जुने वाचक त्यामुळे नाराज झाले. मला मात्र हा बदल भावला. कारण आई ज्या वस्तूला अडगळ समजून माळ्यावर ठेवायला सांगते, तीच पणजीची खूण ठरते.

ही पणजी कोण? १९४७ च्या फाळणीत कराचीच्या गाडीत चढू पाहणारी एक आई. स्थानकावरील गर्दीत तिची चिमुरडी हरवते आणि आई जिवाला मुकते. बांगडीच्या योगाने कमला त्या रात्रीत जाऊन पोहोचते आणि प्रकाशाची वाट उमटवून त्या मुलीला बापाच्या कुशीत नेऊन सोडते. ती मुलगी म्हणजेच कमलाची आजी.

भगिनींनो, हा प्रसंग आपल्याला परका वाटू नये. ती गाडी कराचीकडे निघाली होती. त्याच सुमारास सिंधमधून निघालेली माणसे आपल्या शेजारी येऊन उतरत होती. महायुद्धातील कल्याणच्या लष्करी छावणीत सुमारे एक लाख सिंधी निर्वासित राहिले आणि १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही तिथला पत्ता लोक कॅम्पच्या नंबरानेच सांगतात. घरदार मागे टाकून आलेल्या कित्येक बायकांजवळ अंगावरच्या दागिन्याखेरीज काय उरले असेल? अशा वेळी बांगडी ही नटण्याची वस्तू राहत नाही. ती आधी शिधा होते, मग दुकानाचे भांडवल होते, आणि सुदैवाने शिल्लक उरलीच तर नातीची आठवण होते. याहून निराळी जादू कोणती हवी?

मालिकेत आणखी दोन गोष्टी आहेत. आरंभी मुलीला घराबाहेर सोडायला नाखूश असणारी आईच शेवटी तिला तिचा खास पोशाख करून देते. ही आईची भूमिका मुंबईच्या झेनोबिया श्रॉफ यांनी केली आहे. दुसरे असे, की वडील मुलीला तिच्या नावाचा अर्थ सांगतात: उर्दूत कमाल म्हणजे आश्चर्य. तो शब्द आपल्याकडेही रोजचाच आहे! आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शक्ती बांगडीत नव्हती, ती मुलीतच होती. बांगडीने नुसते दार उघडले.

आता तुम्ही म्हणाल, परदेशी मुलीच्या बांगडीचे आपल्याला काय? सांगते. मालिका आली त्याच्या आदल्याच महिन्यात, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात हेरवाड ग्रामपंचायतीने एक ठराव केला. नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा गावात बंद कराव्यात, असा तो ठराव होता. त्याच महिन्यात राज्य शासनानेही परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसे करण्याचे आवाहन केले. आपल्यात बांगडी "फुटली" म्हणत नाहीत, "वाढली" म्हणतात. शब्दाने एवढे जपणारे आपण, हातातल्या बांगड्या मात्र दगडावर फोडत आलो! ज्या बाईला त्या क्षणी सर्वांत जास्त बळ हवे, तिचेच हात आपण रिकामे करतो. आणि फोडायला पुढे येतात त्या बहुधा बायकाच.

म्हणून मंडळापुढे दोन सूचना ठेवते. आपल्या मंडळाच्या मोर्च्यात यापुढे कोणालाही बांगड्यांचा आहेर होऊ नये; अर्ज द्यावा, जाब विचारावा, हवे तर फाटकाशी ठिय्या मारावा, पण बांगडी आपल्या हातातच राहावी. दुसरी सूचना अशी, की येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून बांगड्या द्याव्यात आणि आमंत्रण करताना कोणाचा नवरा आहे आणि कोणाचा नाही, याची चौकशी करू नये. ही दुसरी सूचना अवघड आहे. घरोघरी सासूबाईंशी बोलावे लागेल, आणि काही घरांत त्या सासूबाई आपणच असू.

मुलींनी पडद्यावरची बांगडी पाहिली आहे. घरातली बांगडी त्यांना काय शिकवणार, हे आपल्या हाती आहे.