बहिष्कार : धाकाचा आणि गाऱ्हाण्याचा



बहिष्कार हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही. वंगभंगानंतर लोकमान्य टिळकांनी जी चतुःसूत्री राष्ट्रापुढे ठेवली, तीत स्वदेशीइतकेच बहिष्काराला स्थान होते. या अस्त्राची धार इंग्रजांना एवढी जाणवली, की जानेवारी १९३२ मध्ये त्यांनी बहिष्काराला आळा घालण्यासाठी स्वतंत्र वटहुकूमच काढला.

स्वातंत्र्यानंतर गडचिरोलीने या शब्दाचे विदारक रूप पाहिले. नक्षलवाद्यांनी निवडणुकांवर बहिष्काराची फर्माने काढली, ती बंदुकीच्या बळावर. तरीही १९ एप्रिल २०२४ रोजी गडचिरोली-चिमूर मतदारसंघात ७० टक्क्यांहून अधिक मतदारांनी मतदान केले. वनवासी समाजाने धाकाला दिलेले हे उत्तर होय.

परंतु याच अरण्यात बहिष्काराचा दुसरा प्रकारही आहे. पावसाळ्यात नाल्याला पूर येतो, पूल नाही, रुग्णाला खाटेवरून न्यावे लागते. तेव्हा एखादे गाव मतदान न करण्याचे ठरवते. हा राष्ट्रद्रोह नव्हे, हे गाऱ्हाणे आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत एकट्या गडचिरोली मतदारसंघात १७ हजारांहून अधिक मते 'नोटा'ला पडली. नाराजीचा हा मार्ग सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ मधील निर्णयानेच खुला केला होता.

जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. नक्षलवादाच्या शहरी पाठीराख्यांना आवर घालण्याचा त्याचा हेतू रास्त आहे. मात्र प्रस्थापित कायदा व त्याच्या संस्थांच्या अवज्ञेला प्रोत्साहन देणे, हेही त्यातील बेकायदेशीर कृत्याच्या व्याख्येत येते आणि अशा कृत्यास सात वर्षांपर्यंत कारावास आहे. मग गावाच्या बहिष्काराला पाठिंबा देणाऱ्या शिक्षकाचे, वार्ताहराचे काय? मतदाराला धमकावणे हा गुन्हा भारतीय न्याय संहितेत आहेच. चर्चा व समर्थन वेगळे आणि चिथावणी वेगळी, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये श्रेया सिंघल प्रकरणात स्पष्ट केले आहे.

'मिसा' १९७१ मध्ये देशाच्या सुरक्षेसाठीच झाला होता. १९७५ मध्ये त्याच कायद्याने कोणाकोणाला तुरुंगात टाकले, हे येथील कित्येक घरांना सांगावे लागणार नाही. कायदा करणारे हात बदलतात. त्यातील शब्द मात्र तसेच राहतात. म्हणूनच शब्द नेमके हवेत.

धाक घालणाऱ्याला कठोर शासन व्हावे. रुसलेल्या गावाकडे मात्र आधी पूल पोहोचावा, समजूत घालणारा कार्यकर्ता पोहोचावा. तेथे पोलिसांची नोटीस पोहोचली, तर नक्षलवाद्यांना जे बंदुकीने साधले नाही, ते आपल्याच हातून घडेल.