गोठ्यातला धूर कोणाच्या माथी?
(कामगार अभ्यासवर्गातील भाषण)



रेल्वे आणि टपाल कामगारांपुढे गाई-म्हशींचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण आपल्यातल्या अनेकांचे गावाकडचे घर आजही दुधाच्या पगारावर चालते. ग्रामीण डाक सेवक बांधवांपैकी कितीतरी जणांच्या दारातच म्हैस बांधलेली असते. म्हणून हा आपलाही प्रश्न आहे.

रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात चारा आंबतो, तेव्हा मिथेन वायू तयार होतो आणि मुख्यतः ढेकरांवाटे बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट उष्णता वाढवतो. २०१९ च्या पशुगणनेत देशात १९ कोटींवर गाई-बैल आणि जवळजवळ ११ कोटी म्हशी होत्या. हे आकडे दाखवून उद्या कोणी लहान शेतकऱ्यालाच आरोपी ठरवील. आपण त्याआधीच हिशेब समजून घेतला पाहिजे.

नुसत्या कडब्यावर दोन लिटर दूध देणारी गाय आणि समतोल खुराकावर सहा लिटर देणारी गाय घ्या. दुसरीचा दिवसाचा वायू थोडा अधिक असेल, पण लिटरमागे तो बराच कमी पडतो. राष्ट्रीय डेअरी योजनेत २०११-१२ पासून हेच काम झाले. गावातल्याच प्रशिक्षित माणसाने जनावर पाहून चारा, पेंड आणि क्षारमिश्रण यांचे प्रमाण ठरवून द्यायचे. त्याने खुराकाचा खर्चही उतरतो.

शेणाचेही तसेच. गुजरातेत आणंद जिल्ह्यातील झकरियापुरा गावी बायकांनी घरोघर गोबरगॅस बसवला. सरपण वाचले आणि उरलेली मळी विकून चार पैसेही हाती आले.

आता विजेचे पाहू. धारेचे कोमट दूध ४ अंशांवर आणावे लागते. वीज गेली की शीतकेंद्रावर डिझेल जळते. दूध आधी साध्या पाण्याने निववले आणि यंत्रातून निघणाऱ्या उष्णतेवर धुण्याचे पाणी तापवले, तर दोन्हीकडे बचत होते.

आणि वाहतूक तर आपल्याच हातची! टाळेबंदीत, २६ मार्च २०२० पासून, आंध्रातील रेणिगुंट्याहून दिल्लीला खास दूधगाड्या धावल्या. एका टाकीत ४०,००० लिटर दूध, अशा सहा टाक्या. तेच दूध रस्त्याने न्यायचे तर टँकरची रांग लागली असती. ती गाडी चालवणारे हात आपल्या बांधवांचे होते.

तेव्हा आपली भूमिका स्पष्ट असावी. वायू कमी व्हावा, पण त्याचा बोजा दोन जनावरांच्या धन्यावर पडू नये. गोबरगॅस आणि शीतकेंद्राच्या सुधारणेला सरकारने पैसा द्यावा. गावोगाव खुराकाचा सल्ला देणाऱ्यांना तुटपुंजे मानधन न देता रीतसर वेतन मिळावे. लांब पल्ल्याचे दूध रुळांवर यावे. या मागण्या शेतकरी संघटनांच्या खांद्याला खांदा लावून आपण मांडू या!