गर्भाशय काढल्यानंतरचे सहजीवन

(अणदूर, जि. धाराशिव येथील व्याख्यान)



डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांनी उभारलेल्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने अणदूर परिसरातील खेड्यांतल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ म्हणून उभे केले. त्यामुळे आरोग्याविषयी बोलणे या गावाला नवे नाही. तरीही एक प्रश्न अजून उंबऱ्याआडच राहिला आहे. ‘पिशवी’ काढल्यानंतर पतिपत्नींच्या शरीरसंबंधांचे काय होते?

हा प्रश्न मूठभर स्त्रियांचा नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीसमोर ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीचे आकडे आले. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. घरी परतताना यांपैकी किती जणींना पुढील आयुष्याविषयी चार शब्द सांगितले गेले असतील?

गर्भाशय काढल्याने पाळी थांबते आणि मूल होत नाही. परंतु स्त्रीत्व संपत नाही. योनिमार्ग कायम राहतो, सुखाची संवेदनाही सहसा टिकते. असह्य रक्तस्राव व वेदना थांबल्यामुळे अनेक स्त्रियांचे सहजीवन पूर्वीपेक्षा सुखाचे होते. मात्र आतील टाके भरून येईपर्यंत, साधारणतः सहा ते आठ आठवडे, संबंध टाळावेत आणि डॉक्टरांच्या तपासणीनंतरच ते सुरू करावेत. त्यानंतर रक्तस्राव, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा तीव्र वेदना झाल्यास विनाविलंब दवाखाना गाठावा.

अंडाशयेही काढली असतील, तर गोष्ट निराळी. शरीरातील संप्रेरके एकाएकी घटतात; अंगाची लाही होणे, योनिमार्ग कोरडा पडणे, इच्छा मंदावणे आणि पुढे हाडे ठिसूळ होणे असे त्रास उद्भवतात. अशा स्त्रीला ‘थंड’ ठरवून दूर लोटणे हा घोर अन्याय होय. या त्रासांवर औषधोपचार उपलब्ध आहेत. कोरडेपणासाठी वंगण किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने संप्रेरकयुक्त मलम वापरता येते.

म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच विचारावे: गर्भाशय काढणे अपरिहार्य आहे काय? दुसरा उपाय आहे काय? अंडाशये राहणार की जाणार? अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्र शासनाने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये त्या सर्व राज्यांनी अंगीकाराव्यात, असा आदेश दिला.

सूचना कागदावर राहू नयेत, ही जबाबदारी गावाचीही आहे. ग्रामसभेने हा विषय मांडावा, शिक्षकांनी पालकांशी बोलावे, आशा कार्यकर्तीने पत्नीबरोबर पतीलाही समोर बसवावे. टाके घालणे जसा उपचाराचा भाग आहे, तसेच त्यानंतरच्या आयुष्याची माहिती देणेही. ती पतिपत्नी दोघांना मिळाली, तर कितीतरी घरांतील अबोला निर्माणच होणार नाही.