फराळाच्या ताटल्या

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त कोजागरीच्या रात्री गच्चीवर केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून दिले आहे.)



दूध आटतंय तोवर दहा मिनिटं बोला, असं मला सांगण्यात आलं आहे. चंद्र अजून ढगाआड आहे, पण त्यात नवल नाही. त्र्यंबकच्या कोजागरीला चंद्र दिसेलच अशी हमी मी पंचवीस वर्षांत एकदाही कोणाला देऊ शकलेलो नाही. पाऊस गेला असं म्हणून आपण छत्र्या माळ्यावर टाकाव्यात आणि ब्रह्मगिरीने दुसऱ्याच दिवशी त्या पुन्हा काढायला लावाव्यात, हे चालायचंच.

विषय दिला आहे 'सोसायटीच्या आठवणी'. २००० साली नोंदणी झाली, त्यानंतर २००३ आणि २०१५ असे दोन सिंहस्थ आपण इथे राहून पाहिले, तिसरा दारात उभा आहे. सांगण्यासारखं पुष्कळ आहे. पण ते इतर वक्ते सांगतील. मी फक्त दिवाळी घेणार आहे, आणि दिवाळीतल्याही फक्त ताटल्या.

त्याला कारण आहे. मागच्या सभेत एक सूचना आली. यंदा रौप्यमहोत्सव आहे, तर नाशिकहून फराळाचे २४ डबे मागवावेत, घरटी एक. सगळ्यांना सारखं वजन, सारखे पदार्थ. मग दिवाळीचे चार दिवस जिन्यातून ताटल्यांची ये-जा नको, कोणाची करंजी जास्त कोणाची कमी असं नको, आणि नोकरी करणाऱ्या सुनांना रात्री बारापर्यंत कढईपुढे उभं राहणंही नको. एक बिल, एक पावती. मी तेव्हा गप्प बसलो, कारण हिशेब बरोबर होता. घरी गेल्यावर झोप लागेना.

मंडळी, मी ३७ वर्षं बँकेत काढली. माझ्या सुरुवातीच्या काळात सगळं हाताने चाले. संध्याकाळी ताळा जमल्याशिवाय कोणी उठायचं नाही. पाच पैशांचा फरक असला तरी सगळे पुन्हा खातेवह्या उघडून बसायचे. शेवटची एसटी चुकली तरी चालेल, फरक सापडला पाहिजे. त्या सवयीने मी आयुष्यभर सगळ्याचाच ताळा मांडत आलो. आणि ताटल्यांच्या बाबतीत तिथेच फसलो.

ऑगस्ट २०१९ मध्ये आमची ही गेली. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ते दिवस आठवत असतील. ऑक्टोबरअखेर दिवाळी आली, आणि तीही पावसात. जिल्ह्यातले द्राक्षवाले हवालदिल झाले होते. ज्या घरात वर्षभरात कोणी गेलेलं असतं तिथे कढई चढत नाही, ही आपल्याकडची रीत. मीही आकाशकंदील लावला नव्हता. वसुबारसेच्या संध्याकाळी दार वाजलं आणि पहिली ताटली आली. वर क्रोशाचा रुमाल, हिनेच विणून कधीतरी त्या घरी दिलेला. भाऊबीजेपर्यंत सतरा ताटल्या आल्या.

त्यातली एक वरच्या मजल्यावरून आली होती. त्या घराशी गळतीवरून माझं दोन वर्षं बोलणं नव्हतं. त्यांच्या न्हाणीघराचं पाणी माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीत उतरत होतं, आणि खजिनदार या नात्याने त्यांना दोन नोटिसा मी स्वतः टाईप करून पाठवल्या होत्या. वहिनी दारात उभ्या राहिल्या. एवढंच म्हणाल्या, 'भाऊजी, लाडू बेसनाचे आहेत, त्यांना आवडायचे.' गळती पुढच्या उन्हाळ्यात थांबली. ती ताटलीमुळे थांबली असं मी म्हणणार नाही, प्लंबरमुळे थांबली. पण प्लंबरला आम्ही दोघांनी मिळून बोलावलं.

आलेला फराळ मी एका वहीत लिहून ठेवला. तुम्हाला हसू येईल, पण वही अजून आहे. कोणत्या फ्लॅटमधून काय आलं, किती नग. 'फ्लॅट ११, करंजी ७, शंकरपाळे.' 'फ्लॅट ३, चिवडा, जरा करपलेला.' उद्देश हा, की परतफेड करताना चूक नको. ताटल्या घासूनपुसून ओट्याखाली रचून ठेवल्या. भरलेली ताटली रिकामी परत पाठवायची नाही, हे हिचं ठाम म्हणणं असे. ती भरायची कशाने, हे मात्र मला विचारायचं राहून गेलं होतं.

पुढच्या वर्षी कोरोना. त्या वर्षाचं आपल्या गावाला वेगळं सांगायला नको. मार्चपासून देऊळ बंद, पूजा बंद, लॉज बंद, हारफुलांची दुकानं बंद. ज्या गावाचं पोटच यात्रेकरूंवर, त्या गावाने ती दिवाळी कशी केली ते आपल्यालाच माहीत. १६ नोव्हेंबर २०२० ला, ऐन पाडव्याला, राज्यातली देवळं उघडली. पण दारोदार ताटली फिरवायची कोणाची छाती नव्हती. माझ्या ओट्याखाली सतरा ताटल्या तशाच.

इथे मला मास्तरांविषयी सांगायचं आहे. नाव घेत नाही, सगळ्यांना कळेल. तळमजल्यावर फ्लॅट ३ मध्ये राहायचे, निवृत्त शिक्षक. त्यांच्या पत्नी माझ्या हिच्या आधी सात वर्षं गेल्या, तेव्हापासून ते एकटे. तो करपलेला चिवडा त्यांचा. आम्हा दोघांचा एक छंद होता, आकाशकंदील करण्याचा. ते बांबूच्या कामट्या तासायचे, मी पतंगी कागद कापून खळीने चिकटवायचा. खाली झिरमिळ्या लावायचं काम मुलांचं. २०२० मध्येसुद्धा जिन्याखाली, तोंडाला मास्क बांधून, एक कंदील केलाच. त्या वेळी मी त्यांना म्हटलं, 'मास्तर, त्या ताटल्यांचं ओझं झालंय. नाशिकहून चांगला फराळ आणतो आणि एका दिवसात सगळ्या परत करून टाकतो.' मास्तर कामटी तासतच म्हणाले, 'दुकानातला द्यायचा तर ताटली कशाला हवी? कागदी पुडा दे. आणि परत करून टाकतो म्हणजे काय? टाकायचं काय आहे त्यात?'

मला राग आला होता, खरं सांगतो. एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, मास्तर गेले. शेवटचं भेटताही आलं नाही.

त्या वर्षी घटस्थापनेला देवळं पुन्हा उघडली आणि मी कढई बाहेर काढली. वय वर्षं एकाहत्तर. तोवर मला चहा आणि खिचडी येत होती. चिवडा पहिल्या खेपेला जमला. आपल्याकडे पोहे उन्हात टाकून भागत नाही, हवेत दमट असतो, ते मंद आचेवर परतूनच घ्यावे लागतात. चकलीने मात्र घाम काढला. भाजणी तांदूळ चार वाट्या, हरभराडाळ दोन, उडीदडाळ एक, वर धने-जिरे, सगळं वेगवेगळं भाजायचं. मोहन जास्त झालं आणि पहिला घाणा तेलात विरघळून गेला. कमी केलं तर चकली अशी, की दातांच्या डॉक्टरांची आठवण व्हावी. तिसऱ्या दिवशी फ्लॅट ११ च्या काकू येऊन शेजारी उभ्या राहिल्या तेव्हा जमली.

अनारशाच्या वाटेला गेलो ते हिच्या आठवणीने. तीन दिवस तांदूळ भिजत, रोज पाणी बदलायचं, मग पंचावर सुकवायचे, दळायचे, गूळ मिसळून पीठ मुरत ठेवायचं. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी ती तांदूळ भिजत घालायची आणि मी लक्ष्मीपूजनाला दोन मिनिटांत चार खाऊन 'छान झालेत' म्हणायचो. पंचेचाळीस वर्षं. माझे अनारसे तुपात पडले आणि सगळेच्या सगळे हसले. अनारसा हसला म्हणजे जाळी पडायची सोडून तुपभर पसरला, हे इथल्या पुरुषांसाठी सांगतो. बायकांना माहीत आहे.

तर सोळा ताटल्या गेल्या. सतरावी मास्तरांची. मागे त्यांच्या पत्नीचं नाव कोरलेलं, आणि खाली 'वास्तुशांत २००१'. त्यांचा मुलगा पुण्याहून घर आवरायला आला तेव्हा मी ती घेऊन खाली गेलो होतो. तो म्हणाला, 'काका, भांड्यांतलं मी काहीच नेत नाहीये. राहू द्या तुमच्याकडे.' वहीत सोळा नोंदींपुढे बरोबरची खूण आहे. फ्लॅट ३ पुढे नाही.

आणि गंमत बघा, ज्या सोळा ताटल्या मी परत करून मोकळा झालो असं समजत होतो, त्या आठवड्याभरात पुन्हा माझ्या ओट्यावर होत्या. कशात चिरोटे, कशात ओल्या नारळाच्या वड्या, एकीत नुसती पाच सीताफळं. माझी चकली भरून गेली म्हणून त्या भरून आल्या. बँकेत याला मी काय म्हटलं असतं कोण जाणे. ताळा जमण्याची काही सोयच नाही.

म्हणून डब्यांच्या सूचनेवर माझं म्हणणं असं. डबे जरूर मागवा, पण ते आपल्या वॉचमनसाठी, सफाईवाल्या ताईंसाठी, पाणी सोडणाऱ्यासाठी. आपल्याआपल्यांत ताटल्याच फिरू द्या. सुनांची अडचण मला मान्य आहे. जी मुलगी सकाळी सातच्या बसने नाशिक गाठते तिने रात्री करंज्या लाटाव्यात असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? पण ताटलीत पाच पदार्थ हवेतच असं आपल्या उपविधींत लिहिलेलं नाही. एक पदार्थ चालतो. करपलेला चिवडासुद्धा चालतो, मी खाल्ला आहे. आणि तो पुरुषांनी केलेला चालतो. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता माझ्या घरी चकल्या करायच्या आहेत. सोऱ्या आपापला आणावा. भाजणी माझी.

मुलांचं मी वेगळं काही सांगत नाही, त्यांचं चोख चाललं आहे. दिवाळी अंकांची वर्गणी काढून जी अदलाबदल आपण करतो तीही चालू आहे. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हा तो आमच्यासारखे लोक चष्मा हरवल्याच्या सबबीवर तीन-तीन आठवडे दाबून ठेवतील हे त्यांच्या मनात नसावं. मुलांनी यंदा साल्हेर करायचं ठरवलं आहे. जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले, त्यात आपल्या जिल्ह्यातला तो एक. पोतं चिखलात बुडवून झालं की वर पेरायला मोहरी माझ्याकडून न्यावी. दर वर्षी नेतातच, विचारून नेली तर बरं.

फ्लॅट ३ मध्ये २०२२ पासून भाडेकरू आहेत. हरसूलकडचं तरुण जोडपं, तो हॉटेलात कामाला, ती नर्स. त्या दिवाळीत मी मास्तरांचीच ताटली भरून खाली नेली. जिना उतरताना वाटलं, परक्यांच्या हातात देतोय. तिसऱ्या दिवशी ती मुलगी ताटली घेऊन वर आली, त्यात नागलीचे लाडू. म्हणाली, 'आजोबा, आमच्याकडे भांडं रिकामं देत नाहीत.' ताटलीच्या मागचं नाव तिने वाचलं होतं. 'या कोण?' असं विचारलं. मग बसलीच अर्धा तास.

तेव्हापासून ती ताटली वर-खाली करते आहे. गणपतीत मी मोदक पाठवले होते, त्यामुळे सध्या ती त्यांच्याकडे आहे.

दूध झालं वाटतं. आधी मुलांना द्या.