दाराशीं आलेला परका

(सुवर्णमहोत्सवाच्या पूर्वसंध्येस धर्मग्रामांतील मंडळीपुढें केलेलें भाषण)



उद्यां आपल्या धर्मग्रामास ५० वर्षें पूर्ण होत आहेत. मंडप उभा आहे, निमंत्रणें घरोघरीं पोंचलीं आहेत, आणि पाहुण्यांची यादी माझ्या मेजावर आहे. काल रात्रीं ती वाचतांना जो प्रश्न मनांत आला, तोच आपणांपुढें ठेवतों. ज्यास आपण बोलाविलें त्याचें स्वागत करणें हें सौजन्य होय. परंतु ज्यास बोलाविलें नाहीं आणि जो तरीही दाराशीं येऊन उभा राहतो, त्याचें काय?

आपल्या भाषेंत त्यास सुंदर नांव आहे. ज्याच्या येण्यास तिथि नाहीं तो अतिथि, अशी या शब्दाची परंपरागत फोड सांगतात. तैत्तिरीय उपनिषदांत शिष्यास निरोप देतांना आचार्य अतिथीला माता, पिता व गुरु यांच्या पंक्तीस बसवितो. कठोपनिषदांत बाल नचिकेता यमाच्या घरीं तीन रात्री उपाशी राहतो. यम परत आल्यावर त्या अपराधाची भरपाई म्हणून त्यास तीन वर देतो. साक्षात् मृत्यूसही जें ऋण फेडावेंसें वाटलें, त्यास केवळ शिष्टाचार कसें म्हणावें?

आपलें पवित्र शास्त्र तर याहून पुढें जातें. मम्रे येथें भर उन्हांत अब्राहाम तंबूच्या दाराशीं बसला असतां त्यास तीन अनोळखी पुरुष दिसतात. तो कुळ विचारीत नाहीं, धांवत सामोरा जातो. पाय धुण्यास पाणी, सारेच्या हातच्या भाकरी, कोंवळें वासरूं, सर्व कांहीं पुढें ठेवितो. आणि त्या पाहुणचारांतच त्यास परमेश्वराची भेट घडते. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायांत शेवटच्या न्यायाचें जें वर्णन आहे, तेथें परक्यास घरांत घेतलें कीं नाहीं, हें पाहिलें जातें. तेथील धार्मिक जन चकित होतात. आपण प्रभूस केव्हां आंत घेतलें, हें त्यांस ठाऊकच नसतें. यांतील मर्म ध्यानांत घ्या. त्यांनीं आधीं ओळख पटवून मग दार उघडलें नव्हतें.

सहाव्या शतकांत संत बेनेडिक्टनें आपल्या मठवासीयांकरितां नियमावली लिहिली. तींत प्रत्येक पाहुण्यास ख्रिस्त मानून घ्यावें, गरीब व यात्रेकरू यांची विशेष आस्था बाळगावी, असें सांगून तो कारणही देतो: श्रीमंतांचा दरारा त्यांस मान मिळवून देतोच. मात्र तो भोळा नव्हता. पाहुण्यासह आधीं प्रार्थना, मग शांतीचें चुंबन, असा त्याचा क्रम आहे. त्याची सावधगिरी दार लावण्याकरितां नव्हती, तें प्रार्थनापूर्वक उघडण्याकरितां होती.

जर्मन तत्त्ववेत्ता कांट यानें १७९५ सालीं चिरशांतीवरील आपल्या निबंधांत आतिथ्य हा दयेचा नव्हे, हक्काचा विषय ठरविला. पृथ्वी वाटोळी व मर्यादित आहे. माणसांस एकमेकांच्या शेजारीं राहणें भागच आहे. म्हणून शांतपणें आलेल्या परक्यास शत्रु लेखूं नये. कांट येथेंच थांबतो; घरांत पाहुणा म्हणून राहण्याचा हक्क तो देत नाहीं. न्यायाची मजल उंबरठ्यापर्यंत. पुढचें पाऊल प्रीतीनें टाकावयाचें आहे.

तें पाऊल आपल्या महाराष्ट्रभूमीनें पाहिलें आहे. १९४० व १९४१ सालीं सोव्हिएट सत्तेनें लाखों पोलिश माणसें सायबेरिया व कझाकस्तान येथें हद्दपार केलीं. त्यांपैकीं सुटलेले कित्येक इराणमार्गें भारतांत आले. कोल्हापुराजवळ वळिवडे येथें १९४३ पासून १९४८ पर्यंत अशा सुमारें ५,००० निर्वासितांची वसाहत होती. बहुतेक स्त्रिया व मुलें. तेथें त्यांच्या शाळा होत्या, त्यांचें देऊळ होतें. ज्यांचा देह येथेंच पडला, त्यांस कोल्हापुरच्याच मातीनें पोटांत घेतलें. तेथें वाढलेलीं कित्येक मुलें वृद्धपणीं तें गांव पुन्हां पाहण्यास आलीं.

आतां माझा स्वतःचा अपराध सांगतों. दुसऱ्या एका धर्मग्रामांत असतांना पावसाळ्यांतील एका रात्रीं एक अनोळखी मजूर, त्याची पत्नी व तान्हें मूल माझ्या दाराशीं आलें. मीं त्याच्याजवळ त्याच्या धर्मगुरूचें पत्र मागितलें. तें नव्हतें. मीं एक गोणपाट दिलें, ओट्यावर बसण्यास सांगितलें, आणि सकाळीं पाहूं, असें म्हणून दार लावून घेतलें. सकाळीं ओटा रिकामा होता. गोणपाट नीट घडी घालून ठेवलेलें होतें. ती घडी मी आजवर विसरलों नाहीं.

आज आपल्या गांवीं बांधकामावर परप्रांतांतून पुष्कळ माणसें आलीं आहेत. त्यांपैकीं कांहीं रविवारीं मिस्सेस येतात आणि बाकांवर जागा असूनही दाराजवळ उभीं राहतात. आपली भाषा, आपल्या वाड्या, आपलें पाणी हातचें जाईल, ही आपली भीति मी खोटी म्हणत नाहीं. तिची दाद जेथें निर्णय होतात तेथें अवश्य मागावी. पण तिचा राग डोक्यावर घमेलें वाहणाऱ्यावर काढूं नये. जमिनी विकणारे आपणच होतों. त्यानें एक गुंठाही घेतलेला नाहीं.

म्हणून उद्यांकरितां माझी एकच विनंति आहे. मिस्सा संपतांच प्रत्येक वाडीनें दाराजवळच्या एका कुटुंबास हातीं धरून मंडपांत आणावें आणि आपल्या शेजारीं पहिल्या पंक्तीस बसवावें. त्यांचें नांव विचारावें, आपलें सांगावें. यादींत त्यांचीं नांवें नाहींत, कारण मला तीं ठाऊक नाहींत. एवढ्या महिन्यांत मीं तीं विचारलीं नाहींत, याचीही मी आपणांसमोर क्षमा मागतों.

परमेश्वर आपल्या दारांस व अंतःकरणांस आशीर्वाद देवो. आमेन.